सॅन अँटोनियोची नदी आणि चेंडूचा डांगोरा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी टेक्सस संस्थानाच्या दक्षिण भागी सॅन अँटोनियो नावाचे एक शहर आहे. १७१८ साली स्पॅनिश पाद्री व शिपाई यांनी एका लहानशा नदीच्या काठी वसविलेले हे ठाणे आज, २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे, चौदा लाखांवर वस्तीचे झाले असून लोकसंख्येच्या मानाने त्या राष्ट्रात त्याचा क्रमांक सातवा लागतो. असे असूनही न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस ही नावे आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असतात, आणि सॅन अँटोनियो म्हटले की चांगले शिकलेसवरलेले गृहस्थही "ते कोठे आले?" असे विचारतात. २०२४ च्या जानेवारीपासून मार्चअखेर कन्या व जावई यांच्या घरी ह्या शहरात राहण्याचा योग मला आला. तेथील बाजार, बागा आणि मेक्सिकन पद्धतीची भोजनगृहे यांचे वर्णन करण्यास माझ्याहून अधिक रसिक लेखक पुष्कळ आहेत. मला जी एक गोष्ट तेथे पदोपदी जाणवली ती एवढीच की, गुण आणि गाजावाजा ह्यांची फारकत पाहावयाची असेल, तर ह्या गावासारखी दुसरी पाठशाळा नाही.

मी तेथे गेलो तो निव्वळ नातवंडांच्या ओढीने गेलो असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. आमच्या शाळेच्या अंगणात बास्केटबॉलचे दोन खांब व दोन कड्या होत्या, आणि व्यायामशिक्षकाची जागा अनेक वर्षे रिकामी राहिल्यामुळे मुलांच्या खेळाची देखरेख संस्कृतच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे, आली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढे शब्दरूपे व समास शिकविण्यात हयात घालविलेला मनुष्य. खेळ नीट उमजावा म्हणून दूरचित्रवाणीवर अमेरिकेतील धंदेवाईक संघांचे सामने पाहू लागलो. तेथील रात्रीचा सामना आपल्याकडे भल्या सकाळी दिसतो. त्यामुळे स्नानसंध्या आटोपल्यावर शाळेची वेळ होईपर्यंत तो पाहता येई. २००३ च्या सुमारास सॅन अँटोनियोचा 'स्पर्स' हा संघ माझ्या मनात भरला, तो आजतागायत. स्पर्स म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेचे काटे. नाव असे आक्रमक असले तरी त्यांचा खेळ मात्र पाणिनीच्या सूत्रासारखा होता. त्यात जागच्या जागी सर्व काही असे, आणि वावगे एक अक्षरही नसे. अशा संघाचे नाव घेण्यास तेथील भाष्यकारांची जीभ इतकी का अडखळे, हे कोडे मला वीस वर्षे छळीत होते.

प्रथम नदीविषयी सांगतो. सॅन अँटोनियो नदी शहराच्या मध्यभागातून जाते. परंतु रस्त्यावरून चालणाऱ्यास ती सहसा दिसत नाही. पुलाशेजारच्या दगडी पायऱ्या उतरून एक मजलाभर खाली गेले म्हणजे एकाएकी मोटारींचा आवाज विरतो आणि उंच वृक्षांच्या सावलीत संथ वाहणारे हिरवट पाणी दृष्टीस पडते. १९२१ च्या सप्टेंबरात ह्या नदीस मोठा पूर येऊन सुमारे पन्नास माणसे दगावली. तेव्हा नदीचे मधले वळण बुजवून त्यावर रस्ता करावा, खाली गटार राहू द्यावे, असा विचार निघाला होता. गावातील काही स्त्रियांनी १९२४ साली एक संरक्षक मंडळ स्थापून जुन्या वास्तू व नदी यांच्या बाजूने चिकाटीने प्रयत्न केले. रॉबर्ट हगमन नावाच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाने १९२९ मध्ये काठाने पायवाट बांधण्याची योजना मांडली, आणि दहा वर्षांनी ते काम सुरू झाले. आज ज्या शोभेसाठी लक्षावधी प्रवासी येतात, ती शोभा अशा रीतीने थोड्या माणसांच्या न कंटाळता केलेल्या आग्रहाचे फळ आहे.

नदीपासून हाकेच्या अंतरावर अलामो आहे. ह्या नावाचा महिमा तेथे काय वर्णावा! १८३६ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत तेरा दिवसांचा वेढा सोसून सुमारे दोनशे लोक मेक्सिकोच्या सांता आन्ना ह्या सेनापतीच्या फौजेशी लढता लढता येथे पडले, आणि त्यांचे स्मरण टेक्ससच्या अंगी रक्तासारखे भिनले आहे. त्या वीरांच्या धैर्याविषयी मला अनादर नाही. परंतु प्रत्यक्ष देवळापुढे उभे राहिल्यावर माझ्याजवळचा एक प्रवासी आपल्या पत्नीस, "एवढेच काय?" अशा अर्थाचे काही पुटपुटला, ते मात्र अगदी स्वाभाविक वाटले. वास्तू लहान आहे. शिवाय टोप्यांवर, पेल्यांवर, पाट्यांवर जी तिची मधोमध उंचावलेली गोलसर कपाळपट्टी आपण पाहतो, ती लढाईच्या वेळी तेथे नव्हतीच. ती अमेरिकन सैन्याने १८५० साली चढविली. ज्या आकृतीने लढाईची आठवण जगभर नेली, तिने लढाई पाहिलेली नाही! कीर्तीचे चित्र हे असे पुष्कळदा मागाहून काढलेले असते.

ह्याच नदीच्या काठाने दक्षिणेस गेले असता अठराव्या शतकातील आणखी चार धर्मवसाहती लागतात : कन्सेप्सियन, सॅन होसे, सॅन हुआन आणि एस्पादा. अलामोसह ह्या पाचांना २०१५ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. सॅन होसेचे आवार अलामोहून कितीतरी ऐसपैस असून तेथील दगडी खिडकीवरील कोरीव काम पाहून आपल्याकडील हेमाडपंती शिल्प पाहिलेल्या डोळ्यासही समाधान होते. परंतु मला सर्वांत आवडला तो एस्पादाचा जलसेतू. अठराव्या शतकाच्या मध्यास एका ओढ्यावर दोन कमानी घालून त्यांवरून पाट नेलेला आहे. पाटास तेथे 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द स्पॅनिशांनी अरबांकडून घेतला. मी गेलो त्या सकाळी तेथे चिटपाखरूही नव्हते. अलामोपाशी माणसांची दाटी, आणि येथे पावणेतीनशे वर्षांचा पाट अद्याप पाणी वाहून नेत आहे! कोकणात पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माझ्यासारख्यास तेथून लवकर निघवेना.

ह्या पाटाच्या काठी बसलो असता मला माझ्या स्पर्सची आठवण झाली, ती उगाच नव्हे. बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाने शोधून काढलेला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ ह्या मास्तराने हिवाळ्यात घरात कोंडल्या गेलेल्या चुळबुळ्या विद्यार्थ्यांसाठी पीचफळांच्या दोन टोपल्या सज्ज्यास अडकविल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लाविले. चेंडू हातात घेऊन धावावयाचे नाही, हा त्यातील मुख्य नियम. धावता येत नाही म्हणून चेंडू दुसऱ्याकडे द्यावाच लागतो. म्हणजे देणे हा ह्या खेळाचा मूळ धर्म आहे. हा धर्म स्पर्सइतका शुद्ध पाळणारा संघ मी दुसरा पाहिला नाही.

त्या संघाचा आधारस्तंभ टिम डंकन. हा कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावरचा मुलगा प्रथम पोहणारा होता. १९८९ च्या वादळात बेटावरील पोहण्याचा तलाव मोडला आणि तो ह्या खेळाकडे वळला. पदवी पुरी करीन असे वचन त्याने आपल्या आईस दिले होते. आई लवकर वारली, तरी धंदेवाईक संघांचे धन खुणावीत असता त्याने महाविद्यालयाची चारही वर्षे पुरी करून मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मगच १९९७ मध्ये तो सॅन अँटोनियोस आला. पुढे एकोणीस हंगाम तो ह्याच संघात राहिला, आणि १९९९, २००३, २००५, २००७ व २०१४ अशी पाच अजिंक्यपदे त्याने मिळवून दिली. मोठा फटका मारून तो कधी छाती बडवीत फिरला नाही. फळीवर आपटून चेंडू अलगद कडीत सोडणे, ही त्याची आवडती रीत. लॉस एंजेलिसच्या कोबी ब्रायंट ह्या थोर खेळाडूने २०१५ च्या नोव्हेंबरात निवृत्तीचा मनोदय जाहीर केला तेव्हा उरलेला सारा हंगाम गावोगावी निरोपाचा उत्सव झाला. त्याच हंगामानंतर, ११ जुलै २०१६ रोजी, डंकन निवृत्त झाल्याचे संघाच्या एका पत्रकाने कळले. तो स्वतः वार्ताहरांपुढे आलाही नाही.

अशा संघाविषयी प्रसारकांचे मत काय? संघ कंटाळवाणा आहे! २००७ च्या अंतिम मालिकेचे उदाहरण घ्या. प्रतिस्पर्धी क्लीव्हलंडच्या संघात लेब्रॉन जेम्स हा बावीस वर्षांचा तरुण होता; शाळेत असतानाच, २००२ साली, तो एका मोठ्या क्रीडानियतकालिकाच्या मुखपृष्ठावर 'ईश्वराने निवडलेला' अशा थाटाने झळकलेला होता. मुलगा खरोखरच अलौकिक गुणाचा. त्याने पुढे ते सिद्धही केले. परंतु ती मालिका स्पर्सनी चार सामन्यांत चारही जिंकून संपविली, तरी बहुतेक भाष्य हरलेल्या एकाचेच चालले होते. त्या मालिकेची प्रेक्षकसंख्या तोपर्यंतच्या अंतिम मालिकांत नीचांकी ठरली, आणि त्याचे खापर खेळ उत्तम खेळणाऱ्यांवरच फुटले. पुढे २०१० मध्ये आपण कोणत्या संघात जाणार एवढे एक वाक्य सांगण्यासाठी ह्याच खेळाडूचा सव्वा तासाचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर झाला. त्यातील उत्पन्न मुलांच्या धर्मादाय संस्थेस दिले गेले, हे सांगितलेच पाहिजे. पण एका वाक्याचा सव्वा तास करणे ही कला आमच्या कीर्तनकारांसही साधलेली नाही.

२०१२ चा प्रसंग ह्याहून बोलका आहे. २९ नोव्हेंबर रोजी मायामी येथे स्पर्सचा सामना सर्व देशभर दाखविला जाणार होता. पाच रात्रींतील तो चौथा सामना. प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच ह्यांनी छत्तीस वर्षांच्या डंकनसह चार प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठविले. उरलेल्या पोरांनी मोठी झुंज दिली आणि सामना थोडक्यात गमावला. त्याबद्दल संघास अडीच लाख डॉलर दंड झाला! खेळाडू दमला आहे की नाही हे प्रशिक्षकाने ठरवावे की पडद्याने? आता तर २०२३ पासून नियमच झाला आहे की, देशभर दाखविल्या जाणाऱ्या सामन्यात नामांकित खेळाडू हजर असावेत. ह्यामागील कारण शोधण्यास दूर जावयास नको. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेला प्रसारणाचा करार अकरा वर्षांचा असून त्याची रक्कम सुमारे ७६ अब्ज डॉलर आहे. एवढे द्रव्य ओतणारा मनुष्य 'पाच जणांचा सुसंवाद पाहा' अशी दवंडी पिटणार नाही. तो एक चेहरा उचलील आणि त्याचाच जयजयकार करील.

माझे जावई मार्मिक बोलतात. एके रात्री भोजनोत्तर ते म्हणाले, "बाबा, आपला राग समजतो, पण ही ओरड नसती तर आपल्या गावात हा खेळ दिसला असता का? आपण डंकनला पाहिलेत तेही ह्यांच्याच पैशाने." म्हणणे खरे आहे, आणि मी ते नाकारीत नाही. दवंडी पिटणाऱ्यावर माझा राग नाही. दवंडी हीच राजाज्ञा समजली जाते, ह्यावर आहे. कालिदास श्रेष्ठ की भवभूति, असा वाद आमच्या पंडितांनीही पुष्कळ घातला. परंतु वाद घालण्यापूर्वी ते दोघांची नाटके वाचीत असत.

ह्या गोष्टीचा चटका मला बसला तो मात्र घरातच. माझा नातू अकरा वर्षांचा. शाळेच्या संघात त्याची निवड झाली होती. पण त्याच्या शिक्षकाने त्यास तीन सामने बाकावर बसविले. कारण विचारता कळले की, चेंडू हातात आला की तो कोणासही देत नाही. मी त्यास जवळ घेऊन विचारले, "अरे, मोकळा गडी समोर दिसत असताना तू चेंडू का देत नाहीस?" तो सरळपणे म्हणाला, "आजोबा, मी दिला तर मला कोण पाहणार? नंतर ज्याने टाकला त्याचेच चित्र दाखवितात." ह्यावर मी काही वेळ निरुत्तर झालो. मुलगा स्वभावाने आपमतलबी नव्हता. आपला खाऊ वाटून खाणारा, धाकट्या बहिणीस सांभाळणारा मुलगा. परंतु सामना असा तो कधी पाहतच नसे. मोबाइलवरील दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाहून त्याने खेळाचे जे शास्त्र मनाशी बांधले होते, त्यात देणे हे पदच नव्हते.

त्या सुमारास सॅन अँटोनियोत एक विलक्षण घटना घडून चुकली होती. ज्या गावाकडे प्रसारकांनी वीस वर्षे कानाडोळा केला, त्याच गावाच्या वाट्यास, २०२३ च्या निवडीत पहिला क्रमांक लागल्यामुळे, सर्वांत अधिक गाजावाजा झालेला मुलगा आला. हा फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा. उंची सुमारे सात फूट चार इंच, वय तेव्हा अवघे एकोणीस. तो अमेरिकेत येण्यापूर्वीच त्याच्या फ्रेंच संघाचे सामने तेथे दाखविले जात होते. स्पर्सनी मागील हंगामात ८२ पैकी ६० सामने गमावले होते, ह्याही हंगामात ६० च गमावले, मध्यंतरी सलग अठरा हरले. तरी कॅमेरे गावातून हलेनात! जिंकणाऱ्या स्पर्सना जे मिळाले नाही ते हरणाऱ्या स्पर्सना मिळाले, ह्यास काय म्हणावे?

फेब्रुवारीत एके रात्री मी नातवास घेऊन क्रीडागृहात गेलो. सुमारे अठरा हजार माणसे मावतील असे ते भवन; मैदानावर अधांतरी टांगलेला चौफेर पडदा; आणि क्षणाचीही उसंत न देणारा वाद्यांचा कोलाहल. मौजेची गोष्ट ही की, खेळ पुढ्यात चाललेला असून माझा नातू मान वर करून पडद्याकडेच पाहत होता. मी त्यास म्हणालो, "पाच मिनिटे पडद्याकडे पाहू नकोस, आणि चेंडूकडेही पाहू नकोस. फक्त त्या उंच मुलाच्या पायांकडे पाहा." प्रथम तो कंटाळला. मग हळूहळू त्याची नजर स्थिरावली. थोड्याच वेळाने त्याने माझा हात घट्ट धरला. "आजोबा, तो माणूस चेंडू घेऊन कडीपर्यंत आला, ह्याला पाहिले आणि मागे फिरला! ह्याने तर काहीच केले नाही." मी म्हटले, "केले. योग्य जागी उभा राहिला." मग आम्ही दोघांनी दुसरा एक उद्योग मांडला. कडीत पडलेल्या प्रत्येक चेंडूमागे त्याच्या आधीचा हात कोणाचा आणि त्याच्याही आधीचा कोणाचा, ते तो बोटांवर मोजू लागला. सामना स्पर्स हरले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आलेल्या तुकड्यांत त्या उंच मुलाने हाणलेला एक फटका होता. तो परत फिरलेला प्रतिस्पर्धी कोठेच नव्हता. नातवानेच ते मला दाखविले आणि म्हणाला, "हे तर त्यांनी घेतलेच नाही!" त्याचा तो रुष्ट स्वर ऐकून मला जे समाधान झाले, ते स्पर्सच्या विजयानेही झाले नसते.

मी परत आल्यावर पुष्कळ घडले. वेम्बान्यामास नवोदितांचे पारितोषिक एकमताने मिळाले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्या उजव्या खांद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी आढळून तो हंगामातून बाहेर पडला. आणि एकवीस वर्षांच्या मुलाच्या प्रकृतीपेक्षा त्याचे कोणते पारितोषिक हुकणार ह्याचीच चर्चा मी अधिक ऐकली. त्याच वर्षी मे महिन्यात पॉपोविच ह्यांनी, नियमित हंगामांतील १४२२ विजयांचा विक्रम नावावर असता, प्रशिक्षकपद सोडले. आणि जूनमध्ये हा तरुण चीनमधील शाओलिन मठात काही दिवस साधनेस जाऊन राहिला, मुंडणही केले. त्या मठाच्या 'छान' पंथाचे नाव आपल्या 'ध्यान' शब्दापासून आलेले आहे, हे संस्कृतच्या मास्तरास सांगावेसे वाटले तर वाचकांनी क्षमा करावी. त्याच्या मुंडित मस्तकाची छायाचित्रे दुसऱ्याच दिवशी जगभर झाली, हे सांगावयास नकोच. तरीही, ज्याच्याभोवती हा सारा कल्लोळ उठतो त्यालाच निवांतपणाची गरज वाटावी, ह्यात मला आशेस जागा दिसते.

आपल्या एकत्र कुटुंबांतून हा विषय परका नाही. दिवाळीस परदेशातून येणाऱ्या पुतण्याचे कौतुक सर्व घर करते; वर्षभर पहाटे उठून साऱ्या घराचे पाणी भरणाऱ्या काकूंचे नाव कोणी घेत नाही. उथळ पाण्यास खळखळाट फार, ही म्हण आपण मुलांस घोकवितो खरी. पण खोल पाणी ओळखावे कसे, ते मात्र शिकवीत नाही. ते शिकवावे लागते, कारण ते आपण होऊन बोलत नाही. म्हणून ज्या घरी मुले सामने पाहतात, मग ते बास्केटबॉलचे असोत वा क्रिकेटचे, तेथील वडीलधाऱ्यांस माझी एक सूचना आहे. मुलास रागावू नये, यंत्र फेकून देऊ नये. सामन्याचा एक चतुर्थांश भाग आवाज अगदी बंद करून त्याच्या शेजारी बसून पाहावा, आणि एवढेच विचारावे, "आता हा चेंडू ह्याच्याकडे कोणी दिला?"